मूसला सफरचंद भरवणाऱ्या दादांना जरा लांबलेलं उत्तर

पामरची कोबीवाली:
काल इथल्याच एका दादांनी फोटो टाकलाय. अलास्का, केबिनचा डेक, समोर मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, आणि दादा तिच्या तोंडात सफरचंद देतायत. खाली लिहिलंय, "आपणच त्यांच्या जंगलात घुसलोय, शेजारधर्म पाळूया." लोकांनी बदामांचा पाऊस पाडलाय. मला काही राहवेना म्हणून वेगळा धागा.

दादा, अकरा वर्षं मी अलास्कातल्या पामर गावाबाहेर राहतेय. तुमची ही शेजारीण चारशे-पाचशे किलोची आहे. दोन पायांवर चालणाऱ्याच्या हातात खाऊ असतो हे तिला एकदा कळलं की ती पुढच्या घरीही तोच हिशेब धरून येते, आणि तिथे खाऊ नसतो. मागच्या फेब्रुवारीत मी गाडीतून किराणा काढत होते, हातात पिशवी, वळून बघते तर एक मूस वीस फुटांवर. कान मागे पाडलेले, खांद्यावरचे केस उभे, ओठ चाटत होती. तांदूळ टाकला आणि गाडीमागे पळाले. पुढची वीस मिनिटं मी ह्या बाजूला ती त्या बाजूला, मंगळागौरच चालली होती आमची. नंतर कळलं, दोन घरं सोडून एक आजोबा सगळा हिवाळा तिला गाजरं घालत होते. प्रेम त्यांचं, फुगडी माझ्या वाट्याला.

आणि अलास्कात मूसला खायला घालणं बेकायदा आहे, हे तुम्हाला माहीत नसेल असं मी समजून चालते.

डेकवाला:
फोटो माझाच. ताई, एका सफरचंदावर एवढा निबंध? माझी आजी गोग्रास काढल्याशिवाय जेवत नसे. मूस म्हणजे तरी काय, जंगलातली गायच. आणि तुम्ही कोबी लावता ना, नावातच आहे तुमच्या, तो खायला घालणं नाही वाटतं?

पामरची कोबीवाली:
गाय दावणीला असते दादा. कोबीला आठ फुटी कुंपण आहे. इथे उन्हाळ्यात उजेड संपत नाही, त्यावर कोबी नुसता फुगतो, 2012 ला पामरच्या जत्रेत 138 पौंडाचा कोबी आला होता, म्हणजे साठ किलोच्या वर, असलं काही उघड्यावर ठेवायला मी वेडी नाही. आणि 1995 चं अँकरेजच्या युनिव्हर्सिटीतलं वाचा. पोरं बर्फाचे गोळे मारून मूसला चिडवत होती, आणि तिने तुडवलं कुणाला, तर इमारतीत शिरणाऱ्या 71 वर्षांच्या माणसाला. गेले ते.

डेकवाला:
चिडवणं आणि भरवणं एकच का?

पामरची कोबीवाली:
ज्याला तुडवलं त्याला दोन्ही सारखंच.

फेअरबँक्सचा बंड्या:
मूसचं सोडा, अस्वलाचं बोला. माझ्याकडे बारा बोअरची बंदूक आहे, अंगणात आलं की विषय संपला. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा स्प्रे वगैरे शहरी लोकांचे लाड.

पामरची कोबीवाली:
विषय तिथून सुरू होतो बंड्याभाऊ. स्वसंरक्षणासाठी मारलंत तर कातडं नखांसकट सोलून आणि कवटी काढून सरकारजमा करायची, वर लेखी रिपोर्ट. आणि ते तुमच्याच कचऱ्यावर आलेलं असेल तर स्वसंरक्षण म्हणताच येत नाही. स्प्रेचं म्हणाल तर अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ आणि मंडळींनी 2008 ला अलास्कातल्या नोंदी काढल्या होत्या, तपकिरी अस्वलांवर 92 टक्के वेळा चालला.

फेअरबँक्सचा बंड्या:
उरलेल्या 8 टक्क्यांत मी निघालो तर?

न्यू जर्सीचा पाहुणा:
आमच्या आतेभावाने तो स्प्रे डासांच्या औषधासारखा तंबूवर मारला होता. त्या तिखटाच्या वासाला अस्वलं उलट जवळ येतात हे नंतर रेंजरने सांगितलं.

पामरची कोबीवाली:
😂 आमच्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांना शिकवलं, मूस अंगावर आली तर पळायचं, झाडामागे जायचं, अस्वल असेल तर अजिबात पळायचं नाही. त्या म्हणाल्या, "आणि चष्मा घरात राहिला असेल तर?"

जुन्नरचा गडी:
मी आधी मूस म्हणजे सोनाराची समजलो. तुमची मजा आहे राव, गाजरं काय, कोबी काय. इकडे पुणे जिल्ह्यात पिंपरखेडला 2025 ला बिबट्याच्या भीतीने बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. बिबट्याला सफरचंद नाही चालत. पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा, एवढंच आमचं म्हणणं.

अभ्यासू:
तेच करून झालंय जुन्नरला. 2001 ते 2003 मध्ये पकडून लांब सोडले, हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं काम वाचा, मग बोला. अलास्कातही नेऊन सोडलेली अस्वलं परत येतात.

जुन्नरचा गडी:
वाचतो की. तुम्ही कोथरूडात बसून वाचता, मी उसात बसून. आमच्या चुलत्याची कालवड गोठ्यातून नेली, कागदं करता करता सहा महिने गेले. आणि मुळात आम्ही रात्री रानात का जातो हे कोणी विचारत नाही, कारण थ्री फेज लाईट रात्रीची देतात! दिवसा लाईट द्या, निम्मी गाठभेटच होणार नाही. उसातच जन्मलेला बिबट्या, त्याला जंगल कुठलं दाखवताय?

अभ्यासू:
म्हणजे जंगलात सोडून उपयोग नाही, हे तुम्हीच म्हणालात.

जुन्नरचा गडी:
शब्दात पकडू नका. पिंजऱ्यात पकडा, बिबट्याला.

कोकणी माणूस:
माकडांबद्दल कोणीच बोलणार नाही का? यंदा एक नारळ घरात आला नाही.

फेअरबँक्सचा बंड्या:
दिवसाच्या लाईटचं पटलं बुवा. हा खरा मुद्दा.

डेकवाला:
धागा माझ्या फोटोवर होता म्हणे.

पामरची कोबीवाली:
आहेच. फोटोत मागे पक्ष्यांचा फीडरही लटकतोय. एप्रिल ते ऑक्टोबर तो खाली हवा. आमच्या शेजाऱ्यांचा राहिला होता, काळं अस्वल सूर्यफुलाच्या बिया खायला आलं आणि तिथून माझ्या खुराड्यात. सात कोंबड्या. चार दिवसांनी कुणीतरी त्याला गोळी घातली. खुराड्याला करंटची तार मी त्यानंतर लावली, आधी लावायला हवी होती, ही चूक माझी.

डेकवाला:
फीडर बायकोने सकाळीच उतरवला. फोटोही काढून टाकलाय. कायद्याला घाबरून हां, तुम्हाला नाही.

पामरची कोबीवाली:
चालेल. त्या खुर्चीखालची गाजरांची पिशवीही आत घ्या.

डेकवाला:
ती आमच्यासाठी आहे, हलवा करायचाय.

पामरची कोबीवाली:
दहा किलोचा?

जुन्नरचा गडी:
लाईट आली. चाललो दारं धरायला. पट्टा घालून.