उजेड आधी, दणका मागून: उल्कांचे अनुभव

रातराणी
काल लेकीबरोबर चेल्याबिन्स्कचे जुने व्हिडिओ बघत होते. 15 फेब्रुवारी 2013, रशियातली सकाळ. आकाशात पांढरा जाळ, मग नुसती धुराची रेघ, आणि माणसं मान वर करून ती बघतायत. लेक म्हणाली, "आई, आवाज कुठाय?" तेवढ्यात काचा फुटल्या.

मला एकदम आमची गच्ची आठवली. शाळेत होते मी. सगळे वर झोपलो होतो आणि अचानक लख्ख हिरवट उजेड पडला. आधी वर कोणी बघितलंच नाही, कारण पाण्याच्या टाकीची सावली फरशीवरून झरकन फिरत गेली, नजर तिच्यावरच खिळली. मग अंधार. काका म्हणाले उल्का होती, आजी हात जोडून बसली. बोलून बोलून पुन्हा आडवे झालो आणि तेव्हा तो आवाज आला. एक दणका, मागोमाग अजून दोन-तीन, मग लांबवर गडगडत गेला. पत्र्याच्या पेटीची कडी थरथरत होती, तिची किणकिण अजून कानात आहे. घरात सगळे म्हणाले कुठेतरी सुरुंग लावला असेल. आवाजाचा त्या उजेडाशी संबंध कोणी जोडलाच नाही, आणि जोडणार तरी कसा? मध्ये इतका वेळ गेला होता! आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. दगड तीस किलोमीटर उंचीवर फुटला, तर अगदी डोक्यावर असला तरी दीड मिनिट. तिरका, लांबवर असेल तर त्याहून जास्त.

म्हणून हा धागा. काय दिसलं, काय ऐकू आलं, मध्ये किती वेळ गेला, काय काय हललं, सगळं लिहा.

आणि एक कळकळीचं सांगणं. असा झगझगाट दिसला तर खिडकीपाशी धावू नका. चेल्याबिन्स्कमध्ये सुमारे 1500 लोक जखमी झाले, बहुतेक फुटलेल्या काचांनी. कितीतरी जण उजेड कसला म्हणून खिडकीत गेले होते.

निशाचर
रात्रपाळीची गाडी चालवतो. घाटात समोरून आडवा गेला, मोठा, शेपटीतून ठिणग्या सुटत होत्या. क्लीनरला हलवून उठवेपर्यंत संपलासुद्धा. आवाज काही नाही, पण इंजिन चालू होतं. सगळ्यांचाच आवाज येतो का?

मनीप्लांट
आमच्याकडे कुत्री आधी भुंकायला लागली होती!! कपडे वाळत घालून येते, मग लिहिते.

ध्रुव_मागे
निशाचर, नाही. उल्कावर्षावात दिसतात त्या बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या, 80-100 किमी उंचीवरच जळून संपतात. दणका ऐकू यायचा तर दगड दणकट हवा आणि साधारण 50 किमीच्या खाली उतरायला हवा. चेल्याबिन्स्कचा जवळपास 20 मीटरचा होता, सेकंदाला 19 किमी वेगाने आला. तो आधी कोणाला दिसला नाही कारण सूर्याच्या बाजूने आला, तिकडे दुर्बिणी रोखता येत नाहीत.
रातराणी, तुमचे ते दोन-तीन दणके तुकड्यांचे असावेत. दगड फुटला की प्रत्येक मोठा तुकडा आपापली धक्कालहर घेऊन येतो.

सई_आणि_मी
लिहू की नको असं झालंय. मला आवाज मागून नाही, उजेडाबरोबरच आला. सूंऽऽ असा, तव्यावर पाणी पडल्यासारखा, आणि अगदी कानाजवळ. शेतात एकटी होते, डोक्याला ओढणी. घरी सांगितलं तर भास म्हणाले. पुढे मी सांगणंच सोडून दिलं.

ध्रुव_मागे
सई, भास म्हणून सोडून देऊ नका. हे शेकडो वर्षांपासून लोक सांगत आलेत. 1719 च्या मोठ्या उल्केनंतर हॅलीने (धूमकेतूवालाच) लोकांच्या हकिगती गोळा केल्या, त्यातही अशी सुरसुर होती. त्याने ती कल्पना म्हणून बाजूला सारली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एक शक्यता मांडली: उल्केचा उजेड फार वेगाने लुकलुकतो, त्याने केस, पानं, कापड क्षणाक्षणाला किंचित तापतं-निवतं आणि जवळची हवा हलते. उजेडाच्या वेगाने आल्यामुळे उशीर नाही. तुमची ओढणी कानावर होती का?

सई_आणि_मी
हो!! दोन्ही कानांवरून घेतली होती. वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरंच आभार.

रातराणी
सई 🤗 लिहिलंस ते फार बरं केलंस.

पाटीपेन्सिल
2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ कोणी लिहिली नाही अजून? आम्ही सगळे रस्त्यावर होतो, एकामागे एक जळते गोळे, सावकाश चाललेले.

भटकभवानी
पाहिलं! पण ती उल्का नव्हती, चिनी रॉकेटचा भाग होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं भलंमोठं कडं पडलं ना. सावकाश जातं तिथेच ओळखायचं. कक्षेतून येणारं सामान सेकंदाला आठेक किमीने येतं, उल्का कमीत कमी अकराने. उल्का काही सेकंदांत आटपते.

पाटीपेन्सिल
भटके, किती दिवसांनी! होतीस कुठे?

भटकभवानी
आईचं ऑपरेशन झालं गं. आता हिंडतेफिरतेय. फोन करते तुला.

पाटीपेन्सिल
काळजी घे. काकूंना नमस्कार सांग.

कातळशिल्प
निरभ्र दिवसा दणका आला म्हणजे उल्काच, असं नाही हं. मे 2020 मध्ये बंगळूर हादरलं ते हवाई दलाच्या विमानाच्या चाचणीमुळे. ध्वनीपेक्षा जोरात जाणारं काहीही असा आवाज करतं.
दगड पडल्याच्या गोष्टी वाचायच्या तर गुजरातमधलं दियोदर बघा, ऑगस्ट 2022. आधी गडगडाट, मग दगड थेट कडुनिंबाच्या फांदीवर. अगदी दुर्मीळ प्रकारचा निघाला. कोणाला असा ताजा दगड मिळालाच तर उघड्या हाताने धरू नका, स्वच्छ पिशवीत घ्या. आणि कृपा करून लोहचुंबक लावून बघू नका! त्याच्या आत कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद असू शकते, ती पुसली जाते.

निशाचर
दगड तापलेला असतो का? पेट घेईल काही?

कातळशिल्प
सहसा नाही. जळतं ते वरचं पातळ कवच. शेवटचे कित्येक किलोमीटर तो विझून नुसता खाली पडत असतो, आतून गारच.

मनीप्लांट
आले. तर कुत्री. उजेड मी पाहिलाच नाही, आत होते. गल्लीतली सगळी एकदम भुंकायला लागली म्हणून बाहेर आले तर धुराची वाकडी रेघ. शेजारचे आजोबा म्हणाले, "आत जा, पोरांना काचेपासून लांब घे." का ते विचारायच्या आत दणका. दाराची फळी छातीला लागल्यासारखी हलली. काच नाही फुटली, पण कपाटाची दारं आपोआप उघडली. आजोबा आयुष्यभर खाणीत कामाला होते, उजेडामागून हवा येते हे त्यांना पाठ.

रातराणी
मनी, तारीख-वेळ आठवत असेल तर लिही ना. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अशा नोंदींचा फॉर्म आहे. कुठून कुठे गेला, किती वेळ दिसला, आवाज किती वेळाने आला, सगळं विचारतात. वेगवेगळ्या गावांतल्या नोंदी जुळवून दगड कुठे पडला असेल ते काढता येतं. निशाचर, तुम्हीही भरा. आवाज आला नाही हेही लिहा.