मदत हवी आहे : घरी जमलेला इलेक्ट्रिक गिटारचा टोन मंचावर का टिकत नाही?

सहावी_तार :
येत्या शनिवारी आमच्या वाद्यवृंदाचा मोकळ्या मैदानात कार्यक्रम आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर फार बरे होईल. घरी बसवलेला टोन भरदार वाटतो, तोच सरावाच्या खोलीत घोगरा लागतो, आणि मंचावर तर कीबोर्ड, बेस व ड्रमच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नाही. सोलोसाठी आवाज वाढवला, की ध्वनियोजना सांभाळणारे गृहस्थ तो कर्कश लागतो म्हणून लगेच खाली आणतात. नेमके काय बदलावे?

ट्यूबवाला :
प्रोसेसर (इफेक्ट आणि ॲम्पची नक्कल करणारे यंत्र) वापरत असाल तर तो विकून चांगला ट्यूब ॲम्प (व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर) घ्या. ॲम्पसमोर एसएम ५७ माइक लावला, की बाकी काही करावे लागत नाही.

मिक्सरमागे :
ट्यूबवाला, कार्यक्रम शनिवारी आहे. शिवाय तो माइक स्पीकरच्या पडद्याच्या (कोनच्या) मध्यावर रोखला तर आवाज टोचतो आणि कडेला सरकवला तर मऊ होतो, म्हणजे तेथेही काम उरतेच. सहावी_तार, गिटार कोणती, घरी कशावर ऐकता आणि मंचावर केबल कोठे जाते, हे लिहिल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही.

नवा_सूर :
मी नऊच्या गेजऐवजी (तारेच्या जाडीऐवजी) दहाच्या तारा लावल्यापासून सूर अधिक स्थिर राहतो. तारा बदलून पाहा.

सहावी_तार :
तारा नव्याच आहेत. गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन सिंगल कॉइलची (तारेचे कंपन टिपणारे एकेरी वेटोळ्याचे पिकअप). प्रोसेसर घरी हेडफोनवर ऐकतो, सरावाला ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये जोडतो आणि मंचावर थेट मिक्सरला देतो. प्रीसेट (साठवलेली जुळवणी) सगळीकडे एकच असतो.

मिक्सरमागे :
मग अडचण त्या एका प्रीसेटचीच आहे. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे वाजवत नाही, आणि प्रोसेसरमधले कॅब (स्पीकरची पेटी) सिम्युलेशन त्याचीच नक्कल करते. खऱ्या स्पीकरपुढे ही नक्कलही चालू राहिली, की आवाज दोनदा गाळला जातो आणि घोगरा होतो. सरावाला कॅब बंद ठेवा, आणि ॲम्पला इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडण्याची सोय) असेल तर त्याच्या रिटर्नमध्ये जोडा, म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प (टोन घडवणारा पहिला टप्पा) वाटेत येणार नाही. मंचावर मात्र कॅब चालूच हवा, नाहीतर पीए स्पीकरमधून (श्रोत्यांसाठीच्या स्पीकरमधून) डिस्टॉर्शन (गिटारचा फाटलेला आवाज) माश्या घोंगावल्यासारखे येते.

दुसरे कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात कानाला खर्ज आणि फार वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. म्हणूनच घरी बेस व ट्रेबल चढवून मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) उतरवलेला टोन गोड वाटतो, पण मोठ्या आवाजात त्याचाच बेस घुमतो, ट्रेबल टोचतो आणि ज्या मिडमुळे गिटार गर्दीत ओळखू येते तो जागेवर नसतो. मंचाचा प्रीसेट वेगळा साठवा. जाड तार ८२ हर्ट्झला वाजत असली तरी लो कट (खालच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) १०० च्या आसपास ठेवा, कारण ती जागा बेसची आणि किकची (पायाने वाजवायच्या ड्रमची) आहे. मिड वाढवा, गेन (डिस्टॉर्शन किती येईल ते ठरवणारे बटण) घरच्यापेक्षा बराच कमी करा, आणि हे सगळे हेडफोनवर नव्हे, तर कार्यक्रमाइतक्या आवाजात ठरवा. सोलोला गेन न वाढवता इफेक्टच्या साखळीच्या शेवटी ३–४ डेसिबल लेव्हल वाढवा.

ट्यूबवाला :
मिडबद्दल पूर्ण सहमत आहे. मात्र जास्त वॅटचा ॲम्प घेतला असता तर गिटार आपोआप वर आली असती.

मिक्सरमागे :
वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल मिळतात. येथे आवाज कमी नाही, जागा चुकते आहे.

सहावी_तार :
आजच्या सरावाला कॅब बंद करून रिटर्नमध्ये जोडले आणि घोगरेपणा गेला. गेन कमी केल्यावर हाताखाली टोन कोरडा वाटतो, पण आमच्या गायिकाताईंनी पहिल्यांदाच प्रत्येक स्वर वेगळा ऐकू आल्याचे सांगितले. आता एकच राहिले : मागच्या कार्यक्रमात गाणे थांबले, की गिटारमधून सतत गुणगुण येत होती.

मिक्सरमागे :
सिंगल कॉइल विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतेच. मधले पिकअप उलट गुंडाळीचे असेल, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी ती बरीच कमी होते. डिमरच्या दिव्यांपासून आणि ॲडॅप्टरपासून दूर उभे राहा, आणि प्रोसेसरची वीज मिक्सरच्याच बोर्डवरून घ्या. डीआय बॉक्सचे (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचे) ग्राउंड लिफ्टचे (सिग्नलचे ग्राउंड तोडणारे) बटण दाबून पाहायला हरकत नाही, पण प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला सांगितली तरी काढू नका, त्यात जिवाला धोका आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते का, तेवढे उद्या तपासून लिहा.