गॉड ऑफ वॉर: रॅग्नारॉक घेऊ का, की तेच ते आहे?

जुळे_सोलापूर_पीएस४

नमस्कार मंडळी. दिवाळीत जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४) घेतला, सोबत २०१८ चा गॉड ऑफ वॉर मिळाला. परवा रात्री दीड वाजता संपवला. शेवटी बाप-लेक डोंगरावर जाऊन आईची राख वाऱ्यावर सोडतात तिथे मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बसून राहिलो. गेम संपल्यावर असं मला आजवर कधीच झालं नव्हतं.

आता त्याचा पुढचा भाग, रॅग्नारॉक, घ्यायचा आहे. पण माझा आतेभाऊ तो खेळलाय, तो म्हणतो, "कशाला घेतो बे? तीच कुऱ्हाड, तोच पोरगा, बोटीत बसून त्याच गप्पा. पैसे वाचव." मग मी जुन्या भागांचे व्हिडिओ पाहिले. खरं सांगतो, मला सगळे एकसारखेच दिसले. पेटत्या साखळ्या, समोर डोंगराएवढा राक्षस, डोक्यावर गोल बटणाचं चिन्ह, की मारलं.

ही मालिका २००५ पासून चालू आहे. तुमच्यात पहिल्यापासून खेळलेलं कोणी असेल तर सांगा, इतकी वर्षं कंटाळा कसा आला नाही? की आला? आणि जुने न खेळता पुढे गेलो तर माझं काही राहून जाईल का? महिन्याला एकच गेम परवडतो, म्हणून नीट विचारतोय.

विजापूर_रोड

तुझा आतेभाऊ बरोबर बोलतोय. मालिका लांबली की शिळी होतेच. ॲसॅसिन्स क्रीड ही दुसरी गेम मालिका बघ. २००९ ते २०१५ दरवर्षी एक, २०१४ ला तर दोन. मनोऱ्यावर चढ, नकाशा उघड, गवताच्या ढिगात उडी मार. २०१४ चा युनिटी आला तेव्हा त्यात इतक्या चुका होत्या की लोकांचे चेहऱ्याविना डोळे आणि दात दिसायचे. शेवटी २०१६ ला मुख्य भाग काढलाच नाही, श्वास घेतला, आणि २०१७ ला इजिप्तचा ओरिजिन्स आणला. तोही काही वर्षांत परत पसरट झालाच.

गॉड ऑफ वॉरही वेगळा नाही. तू २०१८ चा खेळलास ना? किती ट्रोल (ते धिप्पाड राक्षस) मारलेस आठव. रंग वेगळा, नाव वेगळं, हातात तोच दगडी खांब, आणि मरतानाचा प्रसंगही तोच. मी चौथ्या ट्रोलला वैतागलो.

अशोक_चौक_जॅकार्ड

थोडं लांब लिहितो. या गेमबद्दल मला थोडक्यात बोलता येत नाही.

२००६ ते २००९ मी आमच्या भागातल्या एका गेम पार्लरमध्ये संध्याकाळी काउंटरला बसायचो. तीन टीव्ही, तीन पीएस२, तासाला वीस रुपये. दोन टीव्हींवर कायम क्रिकेट नाहीतर टेकन. तिसऱ्यावर गॉड ऑफ वॉर. मेमरी कार्ड एकच, आठ एमबीचं, आणि ते सगळ्यांचं. एकाने सेव्ह केलं की दुसऱ्याचं पुसलं जायचं. त्यामुळे जो येईल तो पहिल्यापासूनच सुरू करायचा. म्हणजे काय, तर वादळात हेलकावणारं जहाज आणि त्यावर झेपावणारा तीन डोक्यांचा हायड्रा. दोन लहान डोकी आधी झोडपून फळीला जखडायची, मग मोठं डोकं तुटलेल्या डोलकाठीत खुपसायचं, मग त्याच्या घशात उतरून कप्तानाच्या गळ्यातली किल्ली घ्यायची. हा एवढाच भाग मी तीन वर्षांत दोनशे वेळा तरी पाहिला असेल.

कंटाळा आला नाही. कारण सांगतो. प्रत्येक पोराचा हात वेगळा होता. एक सायझिंगवाल्याचा (सुताला खळ लावणाऱ्याचा) मुलगा यायचा, तो फक्त चौकोनाचं बटण बडवायचा, मागे हटणं त्याला माहीतच नव्हतं. दुसरा एक, शाळेची पाठपिशवी न काढता खेळायचा, तो हायड्राचं डोकं खाली यायच्या आधीच बाजूला लोळलेला असायचा. जहाज तेच, वादळ तेच, आणि तरी दर वेळी मी हिशोबाची वही सोडून बघत राहायचो.

एका संध्याकाळी तो पाठपिशवीवाला मोठ्या डोक्यापर्यंत पोचला. शेवटचे दोन घाव उरले होते आणि लोडशेडिंग झालं. त्या वर्षांत हे रोजचंच. मी म्हटलं, अर्धे पैसे परत घे, घरी जा. तो म्हणाला, "थांबतो की." दीड तास अंधारात कंट्रोलर मांडीवर धरून बसला. अंगठे नुसते हलत होते, बटणांवरून, आवाज न करता. लाईट आली, त्याने पहिल्यापासून सुरू केलं आणि एका दमात डोलकाठीपर्यंत नेलं. पार्लरमधल्या सगळ्यांनी खेळ थांबवून पाहिलं. म्हणून कोणी म्हणालं की 'तेच तेच', तर मला आधी विचारावंसं वाटतं, तेच म्हणजे नक्की काय?

आता मी चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. पूर्वी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून नक्षी मागावर चढवायचे, माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेच पाहिलं. मी तेच कॉम्प्युटरवर करतो. एक गोष्ट इथे रोज दिसते. तोच मोर ठेवून नुसता लालचा हिरवा केला आणि नवीन माल म्हणून पाठवला, तर दुकानातलं गिऱ्हाईक घडी उलगडायच्या आत ओळखतं. आणि माग मात्र तोच असतो, त्याबद्दल कधी कुणाची तक्रार नसते.

गॉड ऑफ वॉरला हे लावून बघ. २००७ च्या दुसऱ्या भागात खेळायची पद्धत जवळपास पहिल्यासारखीच होती, पण गोष्ट पळत होती. सुरुवातीलाच ऱ्होड्सचा काशाचा पुतळा चालत अंगावर येतो, आणि शेवटी टायटन (देवांच्या आधीचे महाकाय देव) देवांचा डोंगर ऑलिंपस चढायला लागतात तिथे गेम चक्क संपतो! पार्लरमध्ये पोरं ओरडली होती. तिसरा भाग २०१० ला आला, आणि तो बरोबर त्याच चढणीवर सुरू झाला. तोपर्यंत माग एकच होता तरी चालून गेलं, कारण कापड एकच होतं, तीन तुकड्यांत विणलेलं.

खरा कंटाळा मला आला तो २०१३ च्या असेन्शनला. वाईट गेम नाही तो. पण क्रेटॉसने (मालिकेचा नायक, तुझ्या गेममधला तोच बाप) देवांचा राजा झ्यूसला मारून झाल्यावर त्याची आधीची एक गोष्ट सांगायची, त्याच साखळ्यांनी, तशाच मोठ्या राक्षसांवर... बोटं चालत होती आणि मनात पुढे काय होईल हा प्रश्नच नव्हता. मोराचा रंग बदलला होता. मी तो अर्ध्यात सोडला, या मालिकेतला एकमेव.

म्हणून २०१८ ची किंमत कळते. पाच वर्षं थांबले आणि माग बदलला. आधीचा कॅमेरा लांब कुठेतरी टांगलेला असायचा, आपल्याला फिरवता यायचा नाही. तो थेट क्रेटॉसच्या खांद्यामागे आणला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही कट नाही. उडी मारायचं बटणच काढून टाकलं. आणि ती कुऱ्हाड. तू खेळलायस, तरी परत एकदा लक्ष देऊन फेकून बघ. एलटू बटण धरून आरवन दाब, कुऱ्हाड जाऊन रुतते. मग नुसता रिकाम्या हातांनी उभा राहा. त्रिकोण दाब. आधी लांबून आवाज येतो, मग तो जवळ येतो, वाटेत कोणी उभा असेल तर त्याला पाठीमागून लागून येते, आणि मुठीत बसते त्या क्षणी कंट्रोलर तुझ्या हातात दणका देतो. हे मी तीस-पस्तीस तास केलं असेल. एकदाही नको वाटलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, तुझं एक राहून गेलंय. हेलहाइमच्या, म्हणजे मेलेल्यांच्या लोकातल्या, थंडीत कुऱ्हाड चालत नाही म्हणून क्रेटॉस घरी परत येतो आणि जमिनीखालून गुंडाळून ठेवलेल्या जुन्या साखळीवाल्या ब्लेड्स काढतो, आठवतं? तुला ते एक नवीन शस्त्र मिळालं. मला तिथे पार्लर आठवलं. ज्या साखळ्यांनी आम्ही वर्षानुवर्षं मजेत राक्षस कापले, त्यांची त्याला किती लाज वाटते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. हा प्रसंग एका गेममध्ये उभा राहूच शकत नाही. आधी इतक्या वेळा तेच केलेलं असावं लागतं.

ट्रोलांबद्दल विजापूर रोडवाल्यांशी मी सहमत आहे, तिथे त्यांनी मोरच रंगवला. पण त्याच गेममध्ये वाल्किरी, म्हणजे पंखवाल्या लढवय्या बायका, आहेत. एकूण नऊ. आठ जणींचे वार एकमेकींत मिसळलेले, आणि नववी सिग्रुन, तिच्याकडे सगळ्यांचे सगळे. पहिल्या आठ जणींनी तुझ्या बोटांना जे शिकवलं ते ती एका लढाईत विचारते. पुनरावृत्ती अशी असेल तर मला हवीच आहे.

होटगी_रोड_ताई

मी स्वतः खेळत नाही, बघते. धाकटा भाऊ खेळतो आणि मी शेजारी बसून काहीतरी निवडत नाहीतर सोलत असते. २०१८ चा आणि रॅग्नारॉक, दोन्ही अख्खे बघितले.

बघणाऱ्याला मारामारी लवकर कंटाळवाणी होते, हे खरं. ट्रोल आला की मी उठून चहा टाकायचे. पण बोटीतल्या गप्पा लागल्या की भावाला सांगायचे, लगेच काठाला लावू नको, पूर्ण ऐकू दे. पहिल्यात तो बाप मुलाला 'मुला' म्हणूनच हाक मारतो, नाव क्वचित घेतो. मुलाच्या पाठीवर ठेवायला हात वर नेतो आणि तसाच मागे घेतो. रॅग्नारॉकमध्ये पोरगा मोठा झालाय, आवाज फुटलाय, खोटं बोलून बाहेर जातो. आमच्या घरात तेव्हा हेच चालू होतं, भाऊ बारावीत होता आणि बाबांशी धड बोलत नव्हता. बाबा एकदा मागे येऊन उभे राहिले, दहा मिनिटं बघितलं आणि काही न बोलता गेले. त्यामुळे 'तोच पोरगा' हे आतेभावाचं म्हणणं मला पटत नाही. तो तोच राहिलेला नाही.

एक मात्र सांगते, पोराच्या बाजूने खेळायचा एक भाग आहे, मैत्रिणीबरोबर जंगलात फळं गोळा करत फिरायचा, तो फार रेंगाळतो. तेवढा धीर धर. आणि गेमवर अठरा वर्षांवरच्यांसाठी असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही, घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर खेळ.

जुळे_सोलापूर_पीएस४

ताई, तो मागे घेतलेला हात माझ्या लक्षातच आला नव्हता. आत्ता परत लावून पाहिला. आहे!

जॅकार्ड दादा, सिग्रुनपर्यंत मी गेलोच नाही. दोनच वाल्किरी मारल्या आणि अवघड म्हणून सोडल्या. मग आता रॅग्नारॉक लगेच घेऊ की आधी हे करू?

विजापूर_रोड

वाल्किरींचं मान्य. त्या मीही नऊच्या नऊ मारल्यात, सिग्रुनला चार रात्री गेल्या. पण माझं म्हणणं तेच राहील, दोन्ही गेम पाठोपाठ खेळू नको. कुऱ्हाड, ढाल, ब्लेड्स हे सगळं रॅग्नारॉकमध्ये तसंच्या तसं हातात येतं. आतेभावाने बहुतेक लागोपाठ खेळला असणार. मीही तसाच खेळलो, आणि पहिले सात-आठ तास मला जुनंच डबल वाटत होतं.

अशोक_चौक_जॅकार्ड

हे त्यांनी फार बरोबर सांगितलं. २०१८ आणि २०२२, मध्ये चार वर्षं होती, आम्हाला कुऱ्हाडीची आठवण यायला वेळ मिळाला. तू निदान दोन महिने थांब.

तोपर्यंत असं कर. आधी वाल्किरी पूर्ण कर, पैसे लागत नाहीत. नव्याने सुरू केलास तर अवघडपणाची पातळी 'गिव्ह मी अ चॅलेंज' वर ठेव. सर्वात वरची 'गिव्ह मी गॉड ऑफ वॉर' घेऊ नको, ती एकदा निवडली की मध्ये बदलता येत नाही. मग तिसरा भाग घे, त्याची सुधारलेली आवृत्ती पीएस४ साठी २०१५ ला निघाली होती, डिस्क जुन्यात मिळून जाते. झ्यूसचं काय झालं ते स्वतःच्या हाताने कर, म्हणजे रॅग्नारॉकमध्ये क्रेटॉस ग्रीसबद्दल बोलताना का अडखळतो ते कळेल. रॅग्नारॉकमध्येच पुढे एक भाला मिळतो. त्याबद्दल मी काही सांगणार नाही, तो कसा मिळतो ते स्वतः बघ.

पहिले दोन पीएस४ च्या डिस्कवर नाहीत. पार्लर बंद झालं तेव्हा तिसरा टीव्ही आणि तो पीएस२ मी पगाराऐवजी घरी आणला होता. अजून चालू आहे, झाकण दाबून धरावं लागतं एवढंच. गड्ड्याची जत्रा संपल्यावर एखाद्या रविवारी ये. हायड्रापासून सुरू करू.

जुळे_सोलापूर_पीएस४

येतो दादा, नक्की. मेमरी कार्ड घेऊन येऊ का कुठून?

अशोक_चौक_जॅकार्ड

नको. तेच आठ एमबीचं आहे. तुझ्यासाठी एक जागा रिकामी करून ठेवतो, या वेळी कोणी पुसणार नाही.