आजोबांची नाणी आणि तिकिटं ऑनलाइन लिलावात विकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

वाईकर
नमस्कार मंडळी. माझे आजोबा गेल्या वर्षी गेले, त्यांनी आयुष्यभर जमवलेली नाणी आणि पोस्टाची तिकिटं आता आमच्याकडे आलीयेत. व्हिक्टोरिया राणीचे रुपये आहेत (बहुतेक १८६२ चे), पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे आहेत, एका पिशवीत शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आहेत, आणि तिकिटांचे अल्बम, त्यात १९४८ ची गांधीजींची तिकिटं, दहा रुपयांचं सोडून बाकीची तिन्ही. घरात यातलं कोणालाच कळत नाही, त्यामुळे कपाटात पडून खराब होण्यापेक्षा ज्याला कदर आहे त्याच्याकडे जावं असं आईचं आणि आत्याचं म्हणणं. सराफ म्हणाला चांदीच्या भावाने घेतो, ते मनाला पटलं नाही. न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो तू पाठवून दे, मी ईबेवर टाकतो. आणि फेसबुकवर एकजण वैष्णोदेवीच्या ५ रुपयांच्या नाण्याचे लाखभर देतो म्हणतोय पण आधी रजिस्ट्रेशन फी मागतोय. प्लीज सांगा काय करू.

नाणेप्रेमी_पुणे
पहिलं काम, त्या फेसबुकवाल्याला ब्लॉक करा, एक रुपयाही देऊ नका. ते नाणं २०१२ चं आहे, ढिगाने पाडलंय, त्याला लाख कोण देणार? जुन्या नाण्या-नोटांच्या नावाखाली कमिशन, टॅक्स, फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिलाय, तेही रिझर्व्ह बँकेचंच नाव वापरून लुबाडत होते म्हणून.

दुसरं, आणि हे हात जोडून सांगतो, काहीही घासू-पुसू नका. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही. चांदीवर चढलेला काळसर-निळसर रंग संग्राहकाला हवा असतो, घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो आणि किंमत निम्म्याच्याही खाली येऊ शकते. नाणं कडेने धरा, प्लॅस्टिकच्या साध्या पीव्हीसी पाकिटात असतील तर त्यातून काढा, ते चिकट होऊन तांब्यावर हिरवा थर धरतो.

आता किमतीचं. १८६२ सालचा रुपया दुर्मिळ वाटतो पण टांकसाळीने तेच साल ठेवून पुढे कितीतरी वर्षं तो पाडला, त्यामुळे साधे भरपूर मिळतात, फक्त मागच्या बाजूच्या ठिपक्यांच्या संख्येवरून काही प्रकार वेगळे धरतात तेवढे भिंगाने बघा. पाचव्या जॉर्जचा १९११ चा असेल तर बाजूला काढा. राजाच्या अंगावरच्या हारातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक चिडले आणि बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा फार दुर्मिळ, तो असेल तर लगेच कोणाला देऊ नका, पण खोटेही फार आहेत त्याचे. १९४० ते ४५ चे निम्म्याच चांदीचे आणि १९४६-४७ चे तर निकेलचे. बाकी व्हिक्टोरिया ते १९३८ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा, म्हणून सराफ तो भाव सांगतो. झिजलेल्या नाण्याला तो भाव चूक नाही, चांगल्याला मात्र आहे. शिवराया दुदांडी प्रकारच्या (दोन रेघांच्या) असतील तर त्या खूप सापडतात, एकेकटी विकून काही हाती लागत नाही, सगळ्या मिळून एक लॉट करतात.

कायद्याचं_बोला
चुलतभावाला आधी थांबवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरनेही नाही, कोणाच्या बॅगेतूनही नाही. म्हणजे व्हिक्टोरियाचे रुपये आणि शिवराया ईबेवरून परदेशात विकणं विसरा. देशात विकायला हरकत नाही, पण ज्याच्याकडे द्याल त्याच्याकडे परवाना आहे ना ते विचारा, कारण पुरावस्तूंचा धंदा करायला तो लागतो. आणि आत्या, काका, जे कोणी वारस असतील त्या सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. लॉट विकला गेल्यावर भांडणं होतात, तेव्हा नाणं परत येत नाही.

यातलं काही जुन्या वाड्याच्या पायात पुरलेलं सापडलं होतं का? असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचं असं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

टपालवेडी
तिकिटांना हात लावताना चिमटा वापरा बरं का, आणि पाकिटावर चिकटलेली तिकिटं पाण्यात भिजवून काढू नका! जुन्या पाकिटावर शिक्का, गाव, तारीख सगळं असतं, कधी कधी तिकिटापेक्षा त्या शिक्क्यालाच जास्त भाव येतो. गांधीजींचा सेट १५ ऑगस्ट १९४८ चा, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. दहा रुपयांचं नसेल तर मोठ्या रकमेची आशा धरू नका, पण मागचा मूळ डिंक शाबूत असेल आणि कोरी असतील तर घेणारे आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातली फर्स्ट डे कव्हरं (नवं तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याची पाकिटं) असतील तर खरं सांगते, ती लाखोंनी निघालीत, त्यात जीव अडकवू नका.

वाईकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पुरलेलं काही नाही, आजोबांनी मुंबईत फोर्टला नोकरीला असताना विकत घेतलेलं आहे, कुठून घेतलं आणि कितीला याची वहीसुद्धा आहे. १९११ चा एक सापडला! लिलावात द्यायचं तर नेमकं कसं करतात?

नाणेप्रेमी_पुणे
वही अजिबात फेकू नका, झेरॉक्स काढून संग्रहासोबतच द्या. वस्तू कुठून आली हे लेखी असलं की घेणारा निर्धास्त बोली लावतो, आणि आजोबांचं नावही त्या संग्रहासोबत राहतं, मला तरी त्याचं मोल वाटतं.

पद्धत अशी. आधी प्रत्येक बऱ्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, वजन लिहा. मग मुंबईत तोडीवाला, बंगलोरला मरुधर अशी जुनी ऑक्शन हाऊस आहेत, त्यांच्या साइटवर मागच्या लिलावांचे निकाल असतात, तुमच्यासारखंच नाणं खरंच कितीला गेलं ते तिथे बघा, ओएलएक्सवर लिहिलेले आकडे बघू नका. ते माल बघून ठरवतात काय एकटं जाईल आणि काय लॉटमध्ये, बेस प्राइस ठरते, कॅटलॉग निघतो, लोक ऑनलाइन बोली लावतात. तुमच्याकडून कमिशन कापतात, घेणाऱ्याकडून वर वेगळा प्रीमियम घेतात. देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या, कमिशन किती, न विकलं तर परत आणायचा खर्च कोणाचा, विमा आहे का, आणि पैसे किती दिवसात. ताब्यात देताना नगावार फोटोसकट पावती घ्या.

पुण्यात कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा तो १९११ चा रुपया घेऊन या, तिथे बसलेली जुनी मंडळी बघून सांगतील, पैसे घेत नाहीत.