ऑगमेंटेड आर्पेजिओ बेस गिटारवर कसा बसवावा?

प्रश्न: मंद्रसप्तक, कुडाळ
गणेशोत्सवाच्या दिवसांत आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रांना मी चार तारांच्या बेस गिटारवर साथ करतो. मेजर, मायनर आणि सेव्हन्थचे आर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे, स्वर एकामागून एक वाजवणे) हाताला बसले आहेत. परंतु सी मेजरनंतर सी ऑगमेंटेड (मेजरचा पाचवा स्वर अर्ध्या स्वराने चढवलेली कॉर्ड) आले, की मी केवळ मूळ स्वर धरून वेळ मारून नेतो. सी, ई, जी शार्प हे स्वर सापडतात, मात्र ते दोनदा वर-खाली वाजवले की आपण सीवर आहोत की ईवर, हेच कळेनासे होते. हा दोष बोटांचा की कानाचा, आणि रियाज कोठून सुरू करावा?

उत्तर: देवगडकर
दोष दोघांचाही नाही. सप्तकातल्या बारा अर्धस्वरांचे चार-चारचे तीन समान भाग केले, की ही कॉर्ड तयार होते. त्यामुळे सी, ई आणि जी शार्प या तिन्ही ऑगमेंटेड कॉर्डचे स्वर तेच असतात आणि बारा स्वरांवर मिळून वेगळ्या ऑगमेंटेड कॉर्ड चारच उरतात. बेसच्या तारा चौथ्या स्वराच्या, म्हणजे पाच अर्धस्वरांच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे प्रत्येक पुढच्या तारेवर एक फ्रेट (दांडीवरचे अर्ध्या स्वराचे घर) मागे यावे लागते: ई तारेचा आठवा, ए तारेचा सातवा, डीचा सहावा आणि जीचा पाचवा फ्रेट, अनुक्रमे करंगळी, अनामिका, मधले बोट व तर्जनी. हाच आकार चार फ्रेट वर सरकवला, की तेच स्वर ईपासून मिळतात. खरी अडचण निराळीच आहे. प्रत्येक स्वर वेगळ्या तारेवर असल्याने आधीची तार वाजत राहते आणि खालच्या पट्टीत सगळा गोंगाट होतो. म्हणून दाब सोडावा, पण बोट तारेवरून उचलू नये.

उत्तर: कोमल धैवत, रत्नागिरी
सी हा षड्ज मानला, तर हे स्वर सा, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत होतात. तंबोरा लावून ते आधी गळ्यातून काढावेत, असे मी आग्रहाने सांगेन. फक्त भैरवाची सवय असलेल्यांनी सावध राहावे, कारण तिथला आंदोलित धैवत पंचमाकडे झुकतो, तर येथे तोच स्वर बहुतेक वेळा वर, शुद्ध धैवताकडे ओढ घेतो. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत असे सावकाश म्हटले, की ती ओढ कानाला पटते.

उत्तर: खालची तार, वेंगुर्ला
नुसता आकार बेसच्या दांडीवर वर-खाली फिरवत बसण्यात फारसे हशील नाही, कारण मूळ स्वर हरवतो तो तिथेच. आर्पेजिओ नेहमी पुढच्या कॉर्डवर उतरवूनच वाजवावा. सी ऑगमेंटेडनंतर एफ येत असेल, तर ए तारेचा तिसरा, डीचा दुसरा, जीचा पहिला फ्रेट आणि मग जी तारेवरच दुसरा, म्हणजे एफचा गंधार असलेला ए. जी ऑगमेंटेडवरून सीवर येताना ई तारेचा तिसरा, एचा दुसरा, डीचा पहिला आणि लगेच दुसरा फ्रेट. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला एकच स्वर वाजवावा. शिवाय कीबोर्डवाल्याला आधी विचारून घ्यावे; तो साधा जी धरून बसला असेल आणि आपण खालून जी शार्प दिला, तर आख्खा मंडप वळून पाहील. अशा वेळी तुम्ही मूळ स्वर धरता, ते योग्यच आहे.

मंद्रसप्तक, कुडाळ
एफवर उतरण्याचा प्रकार आजच करून पाहिला, आणि सी आता हरवत नाही. पण पावसात वीज गेली, की अँपविना आधीची तार वाजते आहे की थांबली, हे ऐकूच येत नाही. त्यावर काही उपाय?

उत्तर: देवगडकर
बेसच्या वरच्या शिंगाला (लाकडी अंगाच्या पुढे आलेल्या वरच्या टोकाला) हनुवटी किंवा कानामागचे हाड टेकवून वाजवा. लाकडातून येणारी थरथर थेट कानात पोहोचते, आणि कोणती तार सुटली आहे ते अँपपेक्षाही स्पष्ट समजते.