मदत हवी आहे: द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०:१-१६)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. तासगाव भागात आमची घरगुती प्रार्थनासभा भरते. येणाऱ्या बहुतेक बाया द्राक्षबागेत रोजंदारीवर जातात. येशूनं सांगितलेला हा दाखला, म्हणजे बोधकथा, वाचला आणि त्या नाराजच झाल्या. यात मळ्याचा मालक सगळ्या मजुरांना सारखीच मजुरी देतो. दिवसभर उन्हात राबणारीला आणि शेवटच्या तासाला आलेलीला सारखाच पगार, हा कसला न्याय? बाराव्या वचनातले मजूर नेमकं हेच कुरकुरतात, त्यामुळे या बायांचा राग मला खोटा वाटत नाही.

इफिस २:८-९ (तारण कर्मांनी नाही, देवाच्या कृपेनं फुकट मिळतं) वाचून दाखवलं. माना डोलावल्या, पण मनाला भिडलं नाही. लूक १५ मध्ये उधळ्या मुलाचं बाप स्वागत करतो, तेव्हा रागावणाऱ्या थोरल्या भावाची बाजूही त्यांनी घेतली. येशूशेजारी वधस्तंभावर असताना शेवटच्या घडीला क्षमा मिळालेला चोर पटला, पण “तो मरायलाच टेकला होता” म्हणाल्या.

बऱ्याच जणींना वाचता येत नाही, मोठ्यानं वाचावं लागतं. वेळ जेमतेम अर्धा तास. बायबलमधल्या पत्रांपेक्षा येशूचे प्रसंग त्यांना जवळचे वाटतात, म्हणून शुभवर्तमानातलंच (येशूच्या चरित्रातलंच) सुचवा.

हा दाखला येशूचा शिष्य पेत्र याच्या “आम्हांला काय मिळणार?” या प्रश्नानंतर येतो. तर मत्तय १९:२७ पासून पुन्हा सुरुवात करू, की आधी येशू ज्याच्या घरी गेला त्या जकातदार जक्कयाचा प्रसंग (लूक १९:१-१०) घेऊ? कष्टाचा मान राखून कृपा समजावायला तुम्ही कुठला उतारा घेतलात?