पहिल्या वर्षात पोरं सुटतात, दोष कुणाचा?

पेठेतला पाहुणा: कालच्या धाग्यावर एका काकांनी ठोकून दिलंय, "हॉस्टेलला गेलेली पोरं पहिल्याच वर्षी सात किलो वाढवून येतात, जिभेवर ताबा नाही." काका, हे सात किलो अमेरिकेतल्या 'फ्रेशमन फिफ्टीन'चे, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षी पंधरा पौंड वाढतात या तिथल्या समजाचे. पहिल्या वर्षाच्या पोरांचं वजन मोजणाऱ्या परदेशी अभ्यासांची एकत्र मोजणी २०१५ मध्ये झाली, तेव्हा सरासरी वाढ निघाली १.३६ किलो! आता जिभेचं. सदाशिव पेठेतल्या आमच्या मेसला रात्री साडेनऊला या. पोळ्या संपलेल्या, भाजीत बटाटा आणि वर तेलाचा तवंग. भात मात्र हवा तेवढा. तो ढकलायचा आणि बाराला पुन्हा भूक लागली की मॅगी.

जुना हॉस्टेलकर: तो काका मीच. १९८८ ला आमचा डबा गावाहून एसटीनं यायचा, दुपारपर्यंत वरण आंबायचं. तेच खाऊन सायकल हाणायचो. वजन उतरलं! तुम्हाला फोनवर बोट फिरवलं की बिर्याणी दारात.

नऊच्या आत घरात: सायकल हाणायला गेट उघडं लागतं, काका. मुलींचं हॉस्टेल नऊला बंद. रात्री जागून सबमिशन, सोबतीला फरसाण. दिवाळीत घरी गेले तर दारातच आत्या, "सुटलीस गं!" भाऊही सुटलाय, त्याला मात्र "तब्येत सुधारली".

आकडेमोड: पाहुण्यानं सोयीचा आकडा उचललाय. त्याच मोजणीत सुमारे ६१ टक्के मुलांचं वजन वाढलं होतं आणि त्यांची सरासरी ३.३८ किलो आहे. न वाढलेले मिसळले की आकडा गोड दिसणारच.

पेठेतला पाहुणा: मान्य. तरी सात नाहीच. आणि वजन राहू द्या, आधी खाडे बोला. मी चार दिवस गावी, मेसनं दमडी कापली नाही. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद, म्हणजे वडापाव. तो माझ्याच खिशातून.

पोळीभाजीवाली: मेस मी चालवते. एका कार्डावर दोघं जेवतात, महिनाअखेर पोरगा खोली सोडून पसार, ते कोण भरणार? रविवारी रात्री माझ्या बायकांनी घरी जायचं नाही का?

पेठेतला पाहुणा: पसार होणाऱ्यांची वसुली माझ्याकडून? वा! वर आमटीत पाणी.

पोळीभाजीवाली: पाणी दिसतं, सिलिंडरचा भाव दिसत नाही. तोंड सांभाळून बोल, तुझ्या आईच्या वयाची आहे मी.

नऊच्या आत घरात: आमच्या मेसमध्ये मुलींना दोन पोळ्या, मुलांना चार. पैसे सारखेच. यावर बोला कुणीतरी!

जुना हॉस्टेलकर: बरं बाबा, सात नाही, दीड. त्या दीड किलोसाठी शनिवारवाड्यावर मोर्चा काढा आता.

पेठेतला पाहुणा: काढू. पहिली मागणी खाडे.

पोळीभाजीवाली: खाडा आदल्या दिवशी सांगायचा असतो. सकाळी दहाला, कणीक मळून झाल्यावर नाही.